मुलाच्या लघवीत प्रथिने आढळल्यावर: निरुपद्रवी कारण ओळखण्याची पायरी-पायरीची पद्धत

शाळेच्या कबड्डी संघात निवड झालेल्या तेरा वर्षांच्या मुलाला वैद्यकीय दाखल्यासाठी वडील तालुक्याच्या गावी घेऊन येतात, दुपारी बाराच्या सुमारास लॅबमध्ये लघवीचा नमुना दिला जातो आणि संध्याकाळी हाती आलेल्या रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन एक प्लस’, म्हणजे लघवीत थोडे प्रथिन आहे, असे लिहिलेले असते. मुलाला कसलाही त्रास होत नसतो. तरीही त्या रात्रीपासून त्याच्या ताटातले मासे, अंडे आणि डाळ बंद होते, खेळ थांबतो आणि ‘किडनी’ हा शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारला जाऊ लागतो. कोकणात मुलांवर उपचार करताना अशी कुटुंबे मी वारंवार पाहिली आहेत आणि नेमकी उलट वागणारीही पाहिली आहेत. मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असताना पावसाळ्यातली ॲलर्जी समजून त्यांनी तीन-तीन आठवडे वाट पाहिलेली असते. या दोन्ही प्रकारच्या घरांना उपयोगी पडेल अशी पद्धत पुढे सविस्तर दिली आहे. तिच्यात ‘निरुपद्रवी’ हा शब्द सर्वांत शेवटी येतो, आणि तो उच्चारण्यापूर्वी काही गोष्टी ठरावीक क्रमाने पाहाव्या लागतात.

आधी थोडे मूत्रपिंडाविषयी

मूत्रपिंडातील रक्त गाळणारी सूक्ष्म जाळी अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने बहुतांशी अडवून धरते, आणि जी थोडी निसटतात ती पुढच्या नलिका परत शोषून घेतात. तरीही निरोगी मुलाच्या लघवीतून दिवसाला, अंगाच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे, सुमारे १०० मिलिग्रॅमपर्यंत प्रथिने बाहेर पडतात. दहा वर्षांच्या मुलाचे क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर धरावे. म्हणजे प्रथिने मुळीच नसणे ही निरोगीपणाची खूण नव्हे. ती किती आहेत आणि कोणत्या वेळी आहेत, हे पाहायचे असते.

ताप, जोरदार व्यायाम, अंगातील पाणी कमी होणे, कडाक्याची थंडी, फेफरे किंवा नुसते बराच वेळ उभे राहणे यांमुळे मूत्रपिंडातील रक्ताचा प्रवाह आणि दाब तात्पुरता बदलतो. जाळी शाबूत असते, पण तिच्यातून नेहमीपेक्षा जास्त प्रथिने ढकलली जातात. यालाच कार्यात्मक कारण म्हणतात. अशी मुले किती असतात याची कल्पना फिनलंडमध्ये झालेल्या आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून येते. त्या पाहणीत ८ ते १५ वर्षे वयाच्या ८,९५४ शाळकरी मुलांचे प्रत्येकी चार नमुने तपासले होते. चारपैकी किमान एका नमुन्यात प्रथिने सापडली अशी मुले १०.७ टक्के होती; चारही नमुन्यांत सापडली अशी मुले जेमतेम ०.१ टक्का. एका रिपोर्टवरून मुलाला रुग्ण ठरवू नये, याला यापेक्षा ठोस आधार मी देऊ शकत नाही.

पहिली पायरी: लघवीकडे वळण्याआधी मुलाकडे पाहावे

सकाळी उठल्याबरोबर मुलाच्या पापण्या सुजलेल्या दिसतात का आणि ती सूज दुपारपर्यंत ओसरून संध्याकाळी पायांवर उतरते का, हे सलग दोन-तीन दिवस पाहावे. मोज्याच्या रबराचा किंवा चड्डीच्या नाडीचा वळ नेहमीपेक्षा खोल उठत असेल, आठवड्याभरात वजन अचानक वाढले असेल, पोट फुगल्यासारखे वाटत असेल, तर तीही सूजच आहे. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा, मांस धुतलेल्या पाण्यासारखा किंवा लाल आहे का, आणि दिवसभरातली लघवी कमी झाली आहे का, हे मुलालाच विचारावे लागते, कारण आठ-दहा वर्षांपुढची मुले आपण होऊन हे सांगत नाहीत.

कोकणातल्या पालकांना आणखी एक प्रश्न मी आवर्जून विचारतो: गेल्या दीड महिन्यात मुलाच्या अंगावर खरूज, पुवाच्या पुटकुळ्या किंवा चिघळलेल्या जखमा झाल्या होत्या का? लावणीच्या दिवसांत चिखलात वावरणाऱ्या, ओल्या कपड्यांत शाळेत बसणाऱ्या मुलांना अशा जखमा होतातच आणि त्या सुकल्या की घरचे विसरून जातात. पण त्वचेवरील स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी, आणि घशाच्या संसर्गानंतर एक ते दोन आठवड्यांनी, मूत्रपिंडाला दाह होऊ शकतो. त्यात लघवी गडद होते, तोंड सुजते आणि रक्तदाब इतका वाढू शकतो की मुलाला झटके येतात.

रक्तदाब मोजल्याशिवाय ही पायरी पूर्ण होत नाही, आणि दुर्दैवाने नेमकी तीच बाब सर्वाधिक वेळा राहून जाते. मुलाला पाच मिनिटे शांत बसवून, त्याच्या दंडाच्या मापाचा पट्टा वापरून रक्तदाब घ्यावा. पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो आणि मोठा असेल तर खोटा कमी येतो. लहान मुलांसाठी योग्य आकडा वय, उंची आणि लिंगानुसार तक्त्यात पाहावा लागतो. तेरा वर्षांपुढील मुलांसाठी १३०/८० किंवा त्याहून अधिक रक्तदाब वाढलेला समजतात.

सूज, गडद लघवी, वाढलेला रक्तदाब, कमी झालेली लघवी, अंगावर पुरळ, सांधेदुखी, उंची-वजन खुंटणे, घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत लाल पेशी दिसणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर पुढील पायऱ्या आपल्यासाठी नाहीत. सूज, गडद लघवी, कमी लघवी किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. इतर बाबींसाठी दोन-चार दिवसांत गेले तरी चालते, पण कार्यात्मक कारणाचा विचार तेथेच थांबवावा.

दुसरी पायरी: पट्टी खरे बोलते आहे का?

लॅबमध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीत बुडवतात ती पट्टी प्रथिनांचे एकूण वजन सांगत नाही, ती दाटपणा सांगते. साधारणपणे एक प्लस म्हणजे दर डेसिलिटरमागे ३० मिलिग्रॅम, दोन प्लस म्हणजे १००, तीन प्लस म्हणजे ३०० आणि चार प्लस म्हणजे १,००० किंवा त्याहून जास्त. मे महिन्यात आंब्याच्या बागेत दिवसभर हुंदडून आलेल्या, दुपारपर्यंत दोन पेले पाणीही न प्यालेल्या मुलाची लघवी इतकी दाट असते की सामान्य प्रमाणातली प्रथिनेही एक प्लस दाखवतात. म्हणून रिपोर्टवर विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे लघवीच्या दाटपणाचा, आकडा जरूर पाहावा. तो १.०२५ च्या वर असेल तर एक प्लसला फार महत्त्व देऊ नये. मात्र तो १.००५ च्या आसपास असूनही एक प्लस आला असेल तर ते प्रमाण खरोखर जास्त आहे, कारण इतक्या पातळ लघवीत प्रथिने लपण्याचीच शक्यता अधिक असते.

दुसरी चूक वाहतुकीत होते. सकाळी सहाला घेतलेला नमुना एसटीने तालुक्याला पोहोचून दहा वाजता लॅबच्या टेबलावर येतो. दमट उकाड्यात या चार तासांत जंतू वाढतात, लघवी क्षारयुक्त होते आणि पट्टी विनाकारण रंग बदलते. नमुना एका तासात, फार तर दोन तासांत तपासला जावा. ते शक्य नसेल तर बाटली घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावी आणि नेताना बर्फाच्या पिशवीबरोबर न्यावी. रिपोर्टवर पीएच ८ च्या पुढे असेल तर तो निकाल बाजूला ठेवून नमुना पुन्हा द्यावा. क्लोरहेक्सिडिनसारखे जंतुनाशक लावून पुसलेल्या जागेतून आलेली लघवी, पट्टी प्रमाणापेक्षा जास्त वेळ बुडवून ठेवणे, मुलींच्या बाबतीत पाळी किंवा पांढरा स्राव आणि वयात आलेल्या मुलांच्या बाबतीत वीर्याचा अंश, यांनीही निकाल बिघडतो. पाळी संपल्यावर पाच-सात दिवस जाऊ द्यावेत.

तिसरी पायरी: ताप आणि खेळ यांना वेळ द्यावा

तापात आढळलेली प्रथिने बहुधा दोन प्लसच्या पुढे जात नाहीत आणि ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांत नाहीशी होतात. म्हणून ताप असताना वारंवार लघवी तपासण्यात अर्थ नाही. पण कोकणातल्या पावसाळ्यात हा नियम अर्धाच खरा आहे, कारण तापामुळे आलेली प्रथिने निरुपद्रवी असली तरी खुद्द ताप निरुपद्रवी असेलच असे नाही. शेतात, चिखलात किंवा साचलेल्या पाण्यातून अनवाणी फिरलेल्या मुलाला ताप येऊन पोटऱ्या असह्य दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, लघवी कमी किंवा पिवळीजर्द होत असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा) विचार आधी करावा. त्यात मूत्रपिंडाला प्रत्यक्ष इजा होते. डेंग्यू आणि मलेरियाच्या तापातही लघवीतील प्रथिनांचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

खेळानंतरची प्रथिने याहून लवकर जातात. दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर पट्टीवर दोन किंवा तीन प्लस दिसू शकतात आणि २४ ते ४८ तासांत निकाल पूर्ववत होतो. कबड्डीचा सामना, शाळेच्या क्रीडास्पर्धा, शिमग्यात रात्रभर पालखीबरोबर नाचणे, डोंगर चढून शाळेला जाणे, हे सारे यात येते. खेळाच्या दाखल्यासाठी सरावाच्या मैदानावरूनच मुलाला लॅबमध्ये नेण्याची प्रथा म्हणूनच मला खटकते. फेफरे, शस्त्रक्रिया किंवा मोठा मानसिक ताण यांच्यानंतरही काही दिवस थांबूनच नमुना द्यावा.

ताप उतरल्यानंतर दोन आठवडे आणि जड व्यायामानंतर दोन दिवस गेले, की चौथी पायरी घ्यावी.

चौथी पायरी: सकाळचा पहिला नमुना

सारी मदार या नमुन्यावर असल्याने येथे घाई करू नये. जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासली जाते आणि त्यासाठी मुलांना उठल्यावरची पहिली लघवीच घरून आणायला सांगतात. त्यामागचे कारण समजून घेतले तर घरी होणाऱ्या चुका आपोआप टळतात. वाढत्या वयातील अनेक मुलांमध्ये उभे असताना प्रथिने उतरतात आणि आडवे झाल्यावर थांबतात. रात्रभर आडवे असताना तयार झालेली लघवी आणि दिवसभर वावरताना तयार झालेली लघवी वेगवेगळी तपासली, तरच हा फरक दिसतो. दोन्ही मिसळल्या तर नमुना निरुपयोगी ठरतो.

आदल्या दिवशी मुलाने धावपळीचा खेळ टाळावा. जेवण आणि पाणी नेहमीप्रमाणे घ्यावे. रात्री अंथरुणावर पडण्याच्या अगदी आधी लघवी करून मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. आठ वाजता लघवी केलेले मूल अकरापर्यंत जागे राहून मगच आडवे झाले, तर त्या तीन तासांची उभ्या स्थितीतली लघवी सकाळच्या बाटलीत येते आणि निरोगी मूल आजारी ठरते. गणपतीच्या दिवसांत भजनाला जागणाऱ्या मुलाचा नमुना दुसऱ्या दिवशी मुळीच घेऊ नये. रात्री मध्येच लघवीला उठावे लागले तर ती टाकून द्यावी, मुलाने लगेच परत झोपावे आणि ही वेळ कागदावर लिहून ठेवावी.

सकाळी जाग आल्यावर दात घासणे, अंगणात फिरणे, आंघोळ, देवपूजा यांपैकी काहीही करण्यापूर्वी नमुना घ्यावा. अनेक घरांत संडास परसात, घरापासून थोडा दूर असतो. तेथपर्यंत चालत गेल्याने निकाल बिघडत नाही. मात्र रांगेत पंधरा-वीस मिनिटे उभे राहण्यापेक्षा न्हाणीघरात बाटली देऊन मोकळे व्हावे. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली लघवी लॅबने दिलेल्या कोरड्या बाटलीत घ्यावी. औषधाची किंवा सरबताची जुनी बाटली धुऊन वापरू नये. बाटलीवर ‘सकाळची पहिली’ असे लिहून वेळ टाकावी.

त्यानंतर मुलाने नेहमीप्रमाणे शाळेत जावे, बसावे, फिरावे. फक्त धावण्याचा खेळ टाळावा. उठल्यानंतर चार ते सहा तासांनी दुसरा नमुना घेऊन त्यावर ‘दुपारची’ असे लिहावे. दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये द्यावेत आणि दोन्हींवर ‘स्पॉट युरिन प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो’ ही तपासणी मागावी (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून येऊन लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ). चोवीस तासांची लघवी डब्यात जमा करणे शाळकरी मुलाला जमत नाही, आणि जमले तरी निम्म्या वेळा काही भाग सांडतो, म्हणून मी तो मार्ग क्वचितच सुचवतो.

पाचवी पायरी: आकड्यांचा अर्थ

हे गुणोत्तर म्हणजे लघवीतील प्रथिनांचा आकडा भागिले क्रिएटिनिनचा आकडा, दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. लघवी दाट झाली तर दोन्ही आकडे एकत्र वाढतात, त्यामुळे पट्टीला फसवणारा दाटपणा येथे आड येत नाही. प्रथिने १२ आणि क्रिएटिनिन १२० असेल तर गुणोत्तर ०.१ येते, प्रथिने ८४ आणि क्रिएटिनिन १२० असेल तर ०.७. दोन वर्षांपुढील मुलांमध्ये सकाळच्या नमुन्याचे गुणोत्तर ०.२ पेक्षा कमी असावे. सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत ०.५ पर्यंत चालते. २ च्या वर गेलेले गुणोत्तर नेफ्रॉटिक पातळीचे, म्हणजे प्रथिने फार मोठ्या प्रमाणात जात असल्याचे, समजतात. काही लॅब हाच आकडा मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये छापतात. तेथे ०.२ ऐवजी २०० दिसते आणि पालकांच्या पोटात गोळा येतो, म्हणून एकक आधी वाचावे. फार किडकिडीत मुलाच्या स्नायूंतून क्रिएटिनिन कमी येत असल्याने त्याचे गुणोत्तर किंचित फुगलेले दिसू शकते.

दोन्ही नमुने सामान्य आले तर आधीची प्रथिने तात्पुरती होती. काही आठवड्यांनी सकाळचा आणखी एक नमुना सामान्य आला की विषय संपला. सकाळचा सामान्य आणि दुपारचा वाढलेला आला तर उभ्या स्थितीतील प्रथिनमेह (उभे असतानाच लघवीत प्रथिने उतरणे) असण्याची दाट शक्यता असते. पण एका सकाळीवर विसंबू नये, आठवड्याच्या अंतराने आणखी किमान एकदा तोच क्रम करून पाहावा. सकाळचा आकडा ०.२ ते ०.३ च्या घरात अडखळत असेल, तर रात्रीचे मूत्राशय नीट रिकामे झाले होते का, हे आधी तपासावे. माझ्या अनुभवात यातले बरेच नमुने योग्य रीतीने पुन्हा घेतल्यावर सामान्य येतात. आणि दोन-तीन सकाळी नीट घेतलेले नमुनेही वाढलेलेच आले, तर मूल कितीही ठणठणीत दिसत असले तरी कार्यात्मक कारण मागे पडते.

उभ्या स्थितीतील प्रथिनमेहाविषयी

शाळकरी आणि किशोरवयीन मुलांमध्ये वारंवार प्रथिने सापडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. भराभर उंच झालेली, सडपातळ मुले यात अधिक दिसतात. त्यांपैकी काहींमध्ये डाव्या मूत्रपिंडाची शीर महाधमनी आणि आतड्याकडे जाणारी धमनी यांच्या कात्रीत उभे राहिल्यावर दाबली जाते, असे सोनोग्राफीत दिसते. चोवीस तासांत जाणारी एकूण प्रथिने बहुधा एक ग्रॅमच्या आतच असतात.

पुढे काय होते, याची उत्तरे दीर्घ पाठपुराव्यांतून मिळाली आहेत. थॉमस ॲडिस या वैद्यांनी निदान केलेल्या सहा जणांची ४० ते ५० वर्षांनी पुन्हा तपासणी झाली आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात त्यांची मूत्रपिंडे चांगली असल्याचे आढळले. सहा ही संख्या लहान आहे, पण १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या, तरुणांच्या २० वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्षही तसाच आहे.

या मुलांना औषध लागत नाही. मीठ, मासे, अंडी, कडधान्ये यांपैकी काहीही बंद करण्याचे कारण नाही; वाढीच्या वयात बांगडा आणि डाळ ताटातून काढल्याने लघवीतली प्रथिने कमी होत नाहीत, मुलाचे वजन मात्र कमी होते. कबड्डी, पोहणे, सायकल सारे सुरू ठेवावे आणि डॉक्टरांनी दाखल्यावर तसे स्पष्ट लिहून द्यावे. वर्षातून एकदा सकाळचा पहिला नमुना आणि रक्तदाब तपासणे एवढेच करायचे असते, आणि ते टाळू नये, कारण सुरुवातीच्या टप्प्यातला एखादा खरा आजार उभ्या-आडव्याचा असाच फरक काही काळ दाखवू शकतो.

सकाळचाही नमुना वाढलेला असेल तर

डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल आणि सी३ (प्रतिकारशक्तीशी संबंधित एक प्रथिन) तपासतील, गरजेनुसार एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे का, याची चाचणी) आणि हिपॅटायटिस बी पाहतील आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करवून घेतील. त्यांना औषधांची खरी यादी द्यावी. वेदनाशामक गोळ्या, वैदूकडून आणलेली भस्मे आणि विशेषतः गोरेपणाच्या क्रीमबद्दल लाजू नये. काही क्रीममधील पारा मूत्रपिंडाला अपाय करतो, आणि किशोरवयीन मुली ती घरच्यांच्या नकळत वापरत असतात. गुणोत्तर ०.५ च्या वर टिकून असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा लाल पेशी सापडत असतील तर मुलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरचा प्रवास आणि खर्च यांमुळे पालक हे लांबणीवर टाकतात. अशा वेळी शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशी किंवा आशाताईंशी बोलावे. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये याच किनारपट्टीवरील पालघरला सुरू झाला आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना वरच्या रुग्णालयात पाठवण्याची सोय त्यात आहे.

सर्व रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवावेत. प्रत्येकावर नमुन्याची वेळ, आदल्या रात्री झोपण्याची वेळ, मागील दोन आठवड्यांतील ताप, मागील दोन दिवसांतील खेळ आणि त्या दिवशीचा रक्तदाब पेनाने लिहावा. वर्षभराने नमुना देताना लावणी आणि स्पर्धांचे दिवस टाळून दिवाळीनंतरचा एखादा साधा आठवडा निवडावा आणि जुनी फाइल सोबत न्यावी.